देशावरून महाडला : घाटातील वाहनप्रवासाचा एक अभ्यास

२० मार्च जवळ आला की देशावरील गावागावांतून महाडकडे निघणाऱ्या गाड्यांची जुळवाजुळव सुरू होते. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर अभिवादन करण्यासाठी पूर्वी लोक एस.टी.ने किंवा वस्तीने वर्गणी काढून ठरवलेल्या ट्रकने जात असत. आज आपल्या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या दारात स्वतःची चारचाकी उभी आहे, आणि बहुतेकांच्या घरातील ती पहिलीच आहे. ही अभिमानाची बाब आहे. तिची दुसरी बाजू अशी की, ज्यांच्या वडिलांनी वा आजोबांनी कधी गाडीचे चाक हाती धरले नाही, अशी ही पहिली पिढी घाट उतरत आहे. ज्या घरांत ट्रक किंवा एस.टी. चालवण्याचा व्यवसाय दोन पिढ्यांचा आहे, तेथे घाट कसा उतरावा हे मुलाला जेवताना ऐकूनच कळते. इतरांना हे ज्ञान मैदानात आठचा आकडा काढून मिळालेल्या परवान्यासोबत मिळत नाही. ते कोठेतरी लिहून ठेवावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

देशावरून महाडला उतरण्याचे मार्ग अनेक आहेत. पुण्याकडून ताम्हिणी घाट, भोरकडून वरंधा घाट आणि महाबळेश्वराकडून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी वरंधा घाट मी या विवेचनासाठी निवडला आहे. कारण तो सर्वांत निर्जन आहे आणि सर्वांत देखणाही आहे. भोर सोडल्यावर रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने कितीतरी वेळ जातो. डावी-उजवीकडे डोंगर, मध्ये निळे पाणी, वाटेत लहान लहान वाड्या. पुढे पुणे आणि रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवर रस्ता कावळ्या किल्ल्याच्या अंगातून कोरून काढलेला आहे. त्याच्या अलीकडे पडलेला पाऊस नीरा, भीमा आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतो. पलीकडचा पाऊस सावित्रीतून थोड्याच वेळात अरबी समुद्र गाठतो. वाघजाईच्या देवळाजवळ चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. तेथून खाली पाहिले की नागमोडी रस्त्याचे तुकडे झाडीत दिसतात आणि लपतात. त्यानंतर माझेरी, वरंध, बिरवाडी अशी गावे घेत रस्ता महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गाला लागतो.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडतो. सह्याद्री ओलांडणारे मार्ग तर दोन हजार वर्षांपासून आहेत; मग त्या मार्गांवर नसलेला धोका या नव्या रस्त्यावर कोठून आला? उत्तरासाठी नाणेघाट पाहावा. सातवाहनांच्या काळी जुन्नरच्या बाजारपेठेचा माल याच वाटेने कोकणातील बंदरांकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि बाहेर जकातीचा समजला जाणारा दगडी रांजण आहे. कार्ले, भाजे आणि जुन्नर परिसरातील बौद्ध लेणी अशाच व्यापारी मार्गांच्या आधाराने उभी राहिली आणि त्यांच्या दात्यांत व्यापारी व कारागीर आहेत. मात्र नाणेघाट ही पायऱ्यांची वाट आहे. माणसे आणि ओझ्याची जनावरे यांना तीव्र उतार चालतो, म्हणून जुन्या वाटा जवळजवळ सरळ खाली उतरतात. चाकाचे तसे नाही. चाकाला उतार सौम्य लागतो. म्हणूनच बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता होण्यास १८३० साल उजाडावे लागले.

डोंगराळ भागातील रस्त्यासाठी आपल्याकडील अभियंते सर्वसाधारणपणे २० मीटर अंतराला १ मीटर उतार धरतात. या हिशोबाने ५०० मीटर उंचीचा कडा उतरायचा तर १० किलोमीटर रस्ता लागतो. कड्याच्या तोंडावर १० किलोमीटर सरळ जागा नसते. तेव्हा रस्ता डोंगराच्या अंगावरच घडी घालत, परत परत उलट दिशेने वळवावा लागतो. घाटातील वळणे येतात ती अशी. ती रस्ता बांधणाऱ्याच्या हौसेने आलेली नाहीत, आणि चालवणाऱ्याच्या हौसेसाठीही नाहीत. वळणावर रस्ता दिसत नाही, आणि उतारावर गाडी आपोआप वेग घेते. घाटातील जवळजवळ सगळे शास्त्र या दोन गोष्टींतून निघते.

आधी उतार पाहू. पाच माणसे बसलेल्या मोटारीचे वजन सुमारे १,८०० किलो धरले आणि ती ५०० मीटर खाली उतरली, तर तिच्या वजनातून साधारण ८८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विज्ञानाच्या शिक्षकांकडून मी हा हिशोब पडताळून घेतला. एवढ्या ऊर्जेने २८ लिटर गार पाणी उकळू शकते. घरातील दोन मोठे हंडे डोळ्यांसमोर आणावेत. सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर ही बहुतेक उष्णता चार चाकांतील ब्रेकच्या लायनरांत आणि चकत्यांत साठते. लायनर एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड कमी होते. प्रथम जळका वास येतो. मग पायाखालचे पेडल मऊ लागते. मग ते दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ब्रेक ‘फेल झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा ब्रेक तुटलेला नसतो. तो तापून निकामी झालेला असतो, आणि त्याला तसा करण्याचे काम मागील सात-आठ किलोमीटर चालू असते.

यावरचा उपाय जुन्या चालकांच्या एका नियमात आहे : जो घाट ज्या गिअरमध्ये चढतो, तो त्याच गिअरमध्ये उतरावा. चढताना दुसरा गिअर लागत असेल तर उतरतानाही दुसराच. खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकांना मागे ओढते आणि वेग धरून ठेवते. ब्रेकला फक्त वळणापूर्वी थोडे काम उरते. तो दाबून धरून ठेवू नये. गरजेपुरता ठामपणे दाबावा आणि सोडावा, म्हणजे मधल्या वेळात त्याला वारा लागतो. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्यांतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. गाडी घेतल्यापासून ती कधी वापरलीच नाही असे सांगणारे मालक मला बरेच भेटले आहेत. त्यांनी घाटात जाण्यापूर्वी गाडीसोबत मिळालेले माहितीपुस्तक एकदा उघडावे. बसचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. उतारावर तो पुन्हा पुन्हा दाबला की टाकीतील हवा कमी होते. बस ठरवणाऱ्यांनी चालकासमोरील हवेच्या दाबाचा काटा कोणता हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिनच बंद करून घाट उतरणे ही आपल्याकडील जुनी खोड आहे. तिचे समर्थन करणारे लोक अजून आढळतात, आणि दुर्दैवाने ते स्वतःला अनुभवी समजतात. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आधार सुटतो. इंजिन बंद केले तर ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी यांत्रिक मदतही थांबते. पेडल दगडासारखे कडक होते आणि चाक वळवायला दोन माणसांचे बळ लागते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चावी काढली की स्टिअरिंगला कुलूपच लागते. यातून वाचलेले डिझेल एका चहाच्या किमतीचेही नसते.

ब्रेक तापल्याचा वास आला तर रुंद आणि सरळ जागा पाहून थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाखाली दगड लावावा आणि अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये. लोखंड अचानक आक्रसते व त्याला तडा जाऊ शकतो. निघताना तो दगड मात्र आठवणीने उचलून कडेला टाकावा. घाटात रस्त्याच्या मध्यावर पडलेले कित्येक दगड दरडीचे नसतात. ते आपल्यासारख्यांनीच लावून विसरलेले असतात, आणि मागून अंधारात येणारा दुचाकीस्वार त्यावर आपटतो.

आता वळण. वरंधा घाटात पुष्कळ वळणांवर पुढचा रस्ता २० मीटरपेक्षा अधिक दिसत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोरून तेवढ्याच वेगाने दुसरी आली तर दोघींमधील अंतर सेकंदाला २२ मीटरने कमी होते. म्हणजे एकमेकींना दिसल्यावर एक सेकंदही हाती उरत नाही. माणसाला धोका पाहून पाय ब्रेकवर नेण्यासच सुमारे एक सेकंद लागतो. दोन्ही गाड्यांना थांबायला कोरड्या रस्त्यावरही मिळून ४० मीटरहून अधिक जागा हवी. दिसते २० मीटर. याच वळणावर दोघे ताशी २० किलोमीटर वेगाने आले तर प्रत्येकाला साधारण ८ मीटर पुरतात आणि दोघेही समोरासमोर सुखरूप थांबतात. वेग निम्मा केल्याने फरक निम्मा पडत नाही, कितीतरी जास्त पडतो, हे मुलांना गणिताच्या तासाला शिकवण्याजोगे उदाहरण आहे.

म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, गिअर आधीच उतरवावा, हॉर्न वाजवावा आणि वळण संपेपर्यंत आपली डावी बाजू सोडू नये. रात्री हॉर्नपेक्षा डिपर उपयोगी पडतो. समोरच्याचा प्रकाश झाडीवर आधी दिसतो. घाटात हॉर्न वाजवणे असभ्य नाही, तसेच हॉर्न वाजवला म्हणून रस्ता आपला होतो असेही नाही. वळणावर एस.टी. किंवा ट्रक दिसल्यास लहान गाडीने वळणाच्या बाहेरच थांबावे. लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात, त्यामुळे तिला वळण घेताना सगळा रस्ता लागतो. चालक मुद्दाम अंगावर येत आहे असा समज करून घेऊन आपण पुढे घुसलो, तर दोघेही अडकतात.

अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कोणी थांबायचे, याचा नियम भारतीय मोटार कायद्याखालील रस्त्याच्या नियमांत स्पष्ट आहे : उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. चढणारी गाडी थांबली तर तिला पुन्हा उचलणे अवघड असते आणि ती मागे घसरण्याचा धोका असतो. हा नियम परवाना परीक्षेपुरता पाठ करून विसरण्याचा नाही. प्रत्यक्षात मात्र मोठी गाडी पुढे आणि लहान मागे, नवी पुढे आणि जुनी मागे, अशी एक अलिखित उतरंड रस्त्यावर चालताना दिसते. उतरंडीचा अनुभव आपल्या समाजाला पुरेसा आहे. ती रस्त्यावर आपण पुढे चालवू नये एवढेच येथे म्हणतो.

दरीच्या बाजूच्या कठड्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दगडी बुटका कठडा कडा कोठे आहे हे दाखवतो. वेगात आलेली बस तो अडवू शकेल असे गृहीत धरू नये. डोंगराच्या बाजूचे गटारही तितकेच फसवे असते. पाऊस आणि गवत यांमुळे ते दिसत नाही आणि बाजू देताना चाक त्यात उतरते.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. कठीण काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे मऊ, लालसर, झिजलेला थर असतो. पाणी भेगांतून आत उतरते, मऊ थर भिजतो आणि वरचा भाग सुटतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात वरंधा घाटाचा रस्ताही ठिकठिकाणी खचला. त्यापूर्वी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रज काळातील पूल कोसळून दोन एस.टी. गाड्या पुरात गेल्या. या घटना ज्या प्रदेशात घडल्या त्याच प्रदेशातून हा रस्ता जातो. गेल्या अनेक पावसाळ्यांत जिल्हा प्रशासनाने वरंधा घाट कधी जड वाहनांना, तर अतिवृष्टीच्या इशाऱ्यात सर्वच वाहनांना बंद ठेवला आहे. अशा वेळी लोखंडी अडथळा बाजूला सारून जाणारे लोक धैर्यवान ठरत नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात महाडला जायचेच असेल, तर आदल्या दिवशी घाट चालू असल्याची पोलिसांकडून खात्री करून घ्यावी आणि शंका असल्यास लांबचा मार्ग धरावा.

भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने भ्रमण न करता एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम आपल्या वाचकांना परिचित आहे. विनयात त्याचे कारण कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत असे दिलेले आहे. प्रवाशाची सुरक्षितता हे कारण तेथे नाही. तरीही आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या वाटा पाहिलेल्या माणसाला हा नियम व्यवहारदृष्ट्याही शहाणपणाचा वाटल्याशिवाय राहत नाही.

धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर ठेवावा. वरचा झोत धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत परततो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची पद्धत अलीकडे फार पसरली आहे. ते थांबलेल्या गाडीचे चिन्ह आहे. चालत्या गाडीने ते लावले की ती कोठे वळणार हे मागच्याला कळत नाही. २५ डिसेंबरला पहाटे घाटमाथ्यावर धुके असू शकते, हे मनुस्मृती दहन दिनासाठी जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मार्चमध्ये धुके नसले तरी ऊन असते. हा उतार पश्चिमेकडचा आहे. दुपारी उशिरा उतरणाऱ्याच्या डोळ्यांवर सूर्य येतो आणि सावलीतील वळणावर काहीच दिसत नाही. सकाळी उतरले तर सूर्य पाठीशी असतो.

येथवर चालकाविषयी लिहिले. परंतु माझ्या मते घाटातील सुरक्षितता चालक चाकामागे बसण्यापूर्वीच बरीचशी ठरलेली असते, आणि ती ठरवणारे लोक आपण, म्हणजे प्रवास आखणारे असतो. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना महाबळेश्वरकडे सहलीस नेणारी बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३३ जण मृत्युमुखी पडले. एकटा वाचलेला प्रवासी दरी चढून वर आला, तेव्हा बाहेर कळले. दिवसाची वेळ होती आणि बस घाट चढत होती. घाट फक्त रात्री आणि उतरतानाच घातक असतो हा समज तेव्हाच गळून पडायला हवा होता. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ एक बस दरीत गेली आणि १३ जण दगावले. ती मंडळी गोरेगावच्या झांजपथकातील होती, बहुतेक तरुण. पुण्याकडे आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात वादन करून ती मुंबईला परतत होती. हे वाचल्यावर मला कित्येक दिवस आपल्या वस्त्यांमधील वाद्यपथकांची मुले डोळ्यांसमोर दिसत राहिली. रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम, लगेच गाडीत बसणे आणि पहाटे घाट, हा क्रम आपल्याकडे इतका रुळला आहे की तो कोणी ठरवलेला आहे असे वाटतही नाही. वास्तविक तो समितीच्या बैठकीत कोणीतरी ठरवतो. मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून ठरवतो.

या संदर्भात बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका प्रसंगाकडे लक्ष वेधतो. तो आपण नेहमी अस्पृश्यतेच्या संदर्भात सांगतो. त्याचा प्रवासाशी असलेला संबंध क्वचितच कोणी सांगतो. १९२९ साली धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीतील लोकांनी त्यांना नेण्यासाठी टांगा आणायचे ठरवले, परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. मग वस्तीतल्याच एका माणसाने तो हाकला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर रस्ता काटकोनात वळत होता आणि कडेला सलग कठडा नव्हता, अंतराअंतरावर दगड होते. तेथे घोडा उधळला, चाक दगडावर आदळले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात हा प्रसंग सांगताना त्यांनी टांगेवाल्यांचा उच्चपणा तर दाखवलाच; शिवाय वस्तीतील लोकांनाही सोडले नाही. पाहुण्याने पायी चालावे हे त्यांना अपमानकारक वाटले आणि मानापेक्षा जीव मोठा हे ते विसरले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

वळण, कठड्याचा अभाव आणि न शिकलेला चालक, ही तिन्ही कारणे आजच्या घाटातही तीच आहेत. फरक इतकाच की आज कुशल चालक पैसे मोजले की मिळतो. तरीही गाडी चुलतभावाची आहे म्हणून, नको म्हटले तर त्याला वाईट वाटेल म्हणून, आपण घाट न पाहिलेल्या मुलाच्या हाती आठ माणसे देतो. तेथे मान आडवा येतो. ज्याने पूर्वी निदान दोन-तीन वेळा घाट उतरवला आहे अशा जाणत्याने शेजारी बसून शिकवल्याशिवाय नवीन माणसाने भरलेली गाडी घाटात नेऊ नये. पहिल्यांदा त्याने घाट चढावा. चढताना वेग आपोआप मर्यादेत राहतो आणि वळणे ओळखीची होतात.

काही गोष्टी खास आपल्या प्रवासाच्या आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. निळा झेंडा आरशाला किंवा बॉनेटवर बांधू नये. आरसा झाकला की मागचे दिसत नाही आणि वाऱ्याने झेंडा काचेवर आला की पुढचेही. तो मागील बाजूस घट्ट बांधावा. समोरच्या काचेवर फलक चिकटवायचा तर अगदी खालच्या पट्टीत, चालकाच्या नजरेच्या रेषेबाहेर. टेम्पोच्या हौद्यात माणसे उभी करून नेणे बेकायदा तर आहेच, शिवाय उभ्या माणसांमुळे गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलंडते. स्पीकर घाटात बंद ठेवावा, कारण समोरून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. घाट लागणाऱ्या मुलांना पुढच्या बाजूस, खिडकीजवळ बसवावे व निघताना भरपेट खाऊ घालू नये. मूल ओकू लागले की सगळी गाडी चालकाला हाका मारते आणि तो नेमका वळणावर मागे वळून पाहतो. सीट बेल्ट मागे बसलेल्यांनीही लावावा.

थांबायचे असेल तर टपऱ्यांजवळच्या मोकळ्या जागेत थांबावे. वळणावर, धबधब्याखाली वा कठड्याला गाडी टेकवून थांबू नये. धबधब्यातून पाण्याबरोबर दगडही येतात. माकडांना खाऊ घातल्याने ती रस्त्यावर बसण्यास सरावतात. घाटात मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून गाड्या एकत्र असल्यास प्रत्येकीने मागची दिसते का हे पाहत जावे, आणि गावी एका माणसाला निघाल्याची व पोहोचण्याची वेळ सांगून ठेवावी. पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक रेंज मिळताच उपयोगी पडतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्यामुळे खटला वा दावा होऊ नये, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच दिले आहे; तेव्हा थांबायला भिऊ नये. आंबेनळीच्या वेळी दोर लावून दरीत प्रथम उतरलेले लोक परिसरातील गिर्यारोहक तरुणच होते.

१९२७ च्या डिसेंबरात मुंबईहून निघालेले बाबासाहेब आणि प्रतिनिधी बोटीने आणि खाडीने दासगावला उतरून महाडास पोहोचले होते. त्यांचा प्रवास भरती-ओहोटीच्या हिशोबाने आखावा लागे. आपल्याला सूर्याचा हिशोब पुरेसा आहे. भोरहून सकाळी सातच्या सुमारास निघावे, दहा-साडेदहापर्यंत महाडला पोहोचावे. दुपारचे जेवण करून, चालकाला निदान तासभर आडवे होऊ देऊन, तीनपूर्वी परत निघावे. म्हणजे उजेड असताना घाट चढून होतो आणि धरणाकाठचा अरुंद रस्ताही अंधारापूर्वी मागे पडतो. कार्यक्रम लांबला तर रात्री घाटात शिरू नये. महाडलाच मुक्काम करावा आणि त्यासाठी लागणारी रक्कम वर्गणी काढतानाच वेगळी ठेवावी.